पायी नर्मदा परिक्रमा: रोज किती चालायचं, आणि गावात किती वाजता पोहोचायचं

तुमचे प्रश्न आधी एकत्र मांडते. वय ५६, पत्नीचं ५२, दोघांची तब्येत बरी. यंदा कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलायची आहे. गर्दीचे मोठे घाट टाळून आतल्या शांत गावांतून जायचंय. रोज किती किलोमीटर चालायचं, मुक्काम कुठे मिळेल, पैसे किती न्यायचे, आणि मुलगा म्हणतो तसं फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर चालता येईल का, हे तुम्हाला हवंय.

मी पायी परिक्रमा केलेली आहे, आणि आता बरेच हिवाळे दक्षिण तटावरच्या एका छोट्या आश्रमात स्वयंपाकघरात हात लावायला जाते. त्यामुळे दारात येणारा परिक्रमावासी मला दोन्हीकडून दिसतो. तुमच्या प्रश्नांत किलोमीटर फार आहेत, गाव जवळजवळ नाही. मला गावाबद्दलच जास्त बोलायचंय.

हिशेबाचं आधी उरकून टाकते. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही तट धरले की २,६०० च्या वर जातं, आणि जलाशयांचे वळसे, नाले, आतले रस्ते धरून पायाखालून ३,००० किलोमीटरच्या आसपास अंतर जातं. कार्तिकी ते आषाढी हे आठ महिने चालायचे. चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाही, असेल तिथे थांबतो. रोज २० किलोमीटरने १५० दिवस होतात. त्यात एखादा ताप, पायाचे फोड, कुणी ‘आज राहाच’ म्हणून केलेला आग्रह, समुद्र ओलांडायच्या नावेची वाट, असा महिनाभर मिळवा. सहा महिने. जुनी शास्त्रोक्त मुदत तर ३ वर्षं ३ महिने १३ दिवसांची. तेव्हा व्हिडिओत रोज ३५-४० किलोमीटर मारणारी पोरं बघून घाबरू नका. तुम्हाला १८ ते २२ पुष्कळ झालं, आणि पहिले दहा दिवस १२-१५ च.

आता दारात काय होतं ते सांगते. आमच्याकडे साडेचारला परात निघते. तोवर ओट्यावर जितकी आसनं लागली असतील तितक्या मूर्ती मोजायच्या (काठावर परिक्रमावासीची मोजणी माणसांत होत नाही, मूर्तींत होते), वर चार-पाच जास्त धरायच्या आणि कणीक भिजवायची. मळणारी मावशी गावातलीच आहे. सातपर्यंत आमचं आटपलं की ती घरी जाऊन स्वतःच्या घरचा स्वयंपाक करते. आणि पावणेनऊला फाटकावर ‘नर्मदे हर’ ऐकू येतं. सात जण. दिवसभर तंगडतोड केलेली, पाय सुजलेले, भुकेने चिडलेले. जेवण नाही असं कुणी म्हणत नाही. मावशीला फोन जातो, ती पदर खोचत परत येते, पीठ पुन्हा भिजतं. टिक्कड म्हणजे फुलका नव्हे. जाड, हातावर थापायचा, तव्यावर दोन्ही बाजूंनी धरू द्यायचा आणि मग निखाऱ्याशी उभा करून कडेकडेने फिरवत भाजायचा. सात जणांचे टिक्कड व्हायला तास जातो. मंडळी जेवतात, मनापासून हात जोडतात, झोपतात आणि पहाटे चारला निघूनही जातात. नंतर व्हिडिओत येतं, ‘मैयाची कृपा बघा, रात्री नऊलाही गरम जेवण!’ कृपा खरीच. पाठ मात्र मावशीची भरून आलेली असते.

म्हणून दिवसाचा आराखडा संध्याकाळपासून मागे आखत या. साडेचार-पाचला आसन लागलेलं हवं. म्हणजे दुपारची चाल दोन ते चार, त्याआधी साडेदहा-अकराला कुठेतरी भोजन प्रसादी आणि विश्रांती, आणि सकाळी निघणं उजाडताना. पहाटे चारला अंधारात निघायची फॅशन आहे, ती सोडा. त्या वेळी गावातली कुत्री जागी आणि माणसं झोपलेली असतात, आणि रोझडी (नीलगाई), रानडुकरं शेतात शिरू नयेत म्हणून लावलेल्या झटक्याच्या तारा अंधारात दिसत नाहीत. रात्रीच्या मुक्कामी महाराजांना किंवा सेवेकऱ्याला विचारा, उद्या वीसेक किलोमीटरवर कुठे थांबता येईल. त्यांच्याकडे पुढच्या आश्रमाचा फोन असतो. ‘कल दो मूर्ति आ रही हैं’ एवढा निरोप पुढे गेला की तिकडच्या मावशीचा अंदाज चुकत नाही.

आश्रम नसलेल्या गावांत, म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या शांत गावांत, रीत थोडी वेगळी. दुपारी दोनला अशा गावात शिरलात तर गाव ओस वाटेल. म्हातारी माणसं आणि लहान पोरं तेवढी असतात, बाकी सगळे शेतात. कुणाच्या दारात उभं राहून आसरा मागू नका. घरात एकटी सून असेल तर ती नाहीही म्हणू शकत नाही आणि होही म्हणू शकत नाही. मंदिराच्या ओट्यावर किंवा पारावर पिशव्या उतरवा, हातपंपावर पाय धुवा आणि बसा. तुम्ही आल्याची बातमी पोरं पोहोचवतात. गुरं परतायच्या वेळी कुणीतरी विचारायला येतंच. तेव्हा ‘नर्मदे हर’, किती मूर्ती, कुठून निघालात, एवढं सांगायचं आणि पुढचं त्यांच्यावर सोडायचं. बहुतेक ठिकाणी शाळेची पडवी, पंचायतीची खोली किंवा कुणाची ओसरी मिळते. पत्नी बरोबर असल्याचा तुम्हाला मोठा फायदा आहे. एकट्या पुरुषाला ओसरी मिळते, माताराम बरोबर असल्या की माजघर उघडतं. त्यांनी आल्या आल्या घरच्या बाईला शौचाची आणि अंघोळीची सोय विचारून घ्यावी, अंधार पडायची वाट पाहू नये.

काही घरांतून आणि आश्रमांतून शिजवलेलं न देता सदावर्त देतात: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची, तेल. पुष्कळ साधू दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत, त्यांच्यासाठी ही जुनी सोय आहे. तेव्हा गोवऱ्यांवर खिचडी करता आली पाहिजे, आणि ती तुम्हालाही आली पाहिजे, फक्त पत्नीला नव्हे.

सकाळ-संध्याकाळ बाटलीतल्या मैयाची, म्हणजे बरोबर घेतलेल्या नर्मदाजलाची, आरती कराल, तेव्हा घरातली माणसं हमखास जमतात. पाच मिनिटांत उरकू नका. त्या बायकांना तुमच्या पत्नीला विचारायचं असतं: मुलं किती, घर कुणावर टाकून आलात, पाय दुखत नाहीत का. काठावर राहूनही त्यांतल्या कित्येकींना परिक्रमेला जाता आलेलं नसतं.

गावाचं घड्याळ महिन्यामहिन्याला बदलतं, हेही धरून चला. तुम्ही नोव्हेंबरात ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने समुद्राकडे निघाल तेव्हा निमाडात कापसाची वेचणी आणि गव्हाची पेरणी चालू असते. थंडीत शेतीची वीज रात्री आली तर घरचा पुरुष पांघरूण घेऊन पाण्यावर जातो. पहाटे त्याची झोप लागलेली असताना ओसरीवर मोठ्याने स्तोत्रं म्हणू नका. संथ गतीने गेलात तर डिसेंबरच्या उत्तरार्धात समुद्र, आणि फेब्रुवारीच्या मागेपुढे उत्तर तटावर नेमावरच्या आसपास असाल. मार्चअखेर मंडला, दिंडोरीकडून अमरकंटकच्या वाटेला लागाल. अमरकंटक हजार मीटरवर आहे, भर थंडीत तिथे हाडं गोठतात, त्यामुळे हे वेळापत्रक बरंच म्हणायचं. तो सगळा गोंड आणि बैगा वस्तीचा, सालवृक्षांचा मुलूख. माझ्या मते अख्ख्या परिक्रमेतला सगळ्यात शांत टप्पा हाच. छुई मातीने सारवलेल्या पांढऱ्या भिंती, अंगणात वाळत घातलेला मोह. मोहाच्या दिवसांत घरंच्या घरं पहाटे टोपल्या घेऊन रानात जातात. सकाळी दहाला तिथल्या गावात चहाची अपेक्षा ठेवलीत तर कुलपं दिसतील. जवळ फुटाणे-गूळ ठेवा. आणि मोहाच्या झाडाखाली झाडून साफ केलेली जागा दिसली तर तिथे आसन टाकू नका, ते कुणाचं तरी त्या दिवसाचं पीक असतं.

एप्रिलात परतताना नरसिंहपूर, नर्मदापुरमच्या सपाटीवर गव्हाची कापणी जोरात असते. हार्वेस्टर रात्रभर चालतात, नरवाई (कापणीनंतर उरलेले खुंट) पेटवलेली असते, धुराने डोळे चुरचुरतात, आणि गावकऱ्याला तुमच्याकडे बघायला फुरसत नसते. हा त्यांचा वर्षाचा हंगाम आहे, मनावर घेऊ नका. तिथे मोठे आश्रम भरपूर आहेत, त्यांतच उतरा.

शूलपाणीच्या झाडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं, कारण एकांताची गावं म्हणून तिचंच नाव पुढे येतं. बडवानीनंतर दक्षिण तटाची वाट डोंगरात शिरते, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागातून जाते आणि गुजरातेत गोऱ्याला उतरते. वस्ती भिल्ल आणि पावरा समाजाची. इथे गाव म्हणजे दाटीने उभी घरं नसतात. एका टेकडीवर एक घर, दुसरं पलीकडच्या टेकडीवर. ‘गाव आलं’ म्हणतात तिथून मुक्कामाचं घर तासाभरावर असू शकतं. तेव्हा चारच्या पुढे चालायचं नाही हा नियम इथे कडक पाळा. पूर्वी इथले मामा (वाटेवर भिल्लांना असंच म्हणतात) परिक्रमावासींना लंगोटीवर आणून सोडत, त्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. आता त्याच डोंगरात परिक्रमावासींना जेवू घालणारी घरं आहेत, आणि धडगावच्या बाजूला शाळेत जाणारी पोरं तुमच्याशी मराठीत बोलतात.

त्या पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटत जाऊ नका. वाटसरूंनी वर्षानुवर्षं वाटून वाटून आता पोरं शाळा सोडून वाटेवर हात पसरून उभी राहतात, आणि मग तेच लोक ‘भिकेची सवय लागली’ म्हणून नावं ठेवतात. द्यायचंच असेल तर शाळेत जाऊन गुरुजींच्या हातात वह्या-पेन्सिली द्या.

बडवानीपासून पुढे काठाची जुनी वाट बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही. सरदार सरोवराचा जलाशय २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला आणि अनेक गावं उठली. मूळ शूलपाणेश्वराचं मंदिरही पाण्याखाली आहे. गोऱ्याला दिसतं ते नवं बांधलेलं. वर इंदिरासागर धरणात हरसूद हे गाव बुडालं ते २००४ साली, त्याही वर जबलपूरजवळ बरगीचा जलाशय आहे. या पट्ट्यांत तुमचा मुक्काम पुष्कळदा बसाहटीत होईल, म्हणजे पुनर्वसनाच्या वस्तीत: सरळ गल्ल्या, आखलेले प्लॉट, झाडं अजून लहान. ‘पुराना गाँव किधर था?’ असं विचारलंत तर रात्र त्यातच जाते. विचारा जरूर, पण विचारल्यावर ऐकायला बसा, आणि ‘मैयाची इच्छा’ वगैरे म्हणून विषय मिटवू नका. ज्याचं शेत गेलंय त्याच्यासमोर ते वाक्य फार हलकं वाटतं.

पैशांचं. मुक्कामाला आणि जेवणाला कुणी पैसे मागत नाही. तरीही थोडी रोख जवळ ठेवा, सुट्ट्या नोटांत: औषधं, नाव, चपला, अडीनडीला बस-डॉक्टर. जुनी माणसं एक पैसाही जवळ न ठेवता चालत. तुमच्या वयात, पहिल्यांदाच जाताना, मी तो हट्ट धरायला सांगणार नाही. आश्रमाच्या दानपेटीत तुमच्या दोघांच्या जेवणाचा खर्च निघेल एवढं टाकत चला. आमच्यासारख्या छोट्या जागी तेल आणि सरपणाची ओढाताण असते, देणगीदारांचे फलक मोठ्या ठिकाणीच लागतात. पण कुणाच्या घरी जेवलात तर पैसे पुढे करू नका. त्या घराने तुम्हाला अतिथी म्हणून वाढलंय, नोट पुढे आली की त्यांचा चेहरा पडतो. त्यांचं किंवा शेजारचं किराणा दुकान असेल तर साबण, काडेपेटी, चहापत्ती तिथून घ्या. शेंगा निवडत बसले असतील तर शेजारी बसून निवडा.

फोनवरचा नकाशा घ्या, पण एक अडचण लक्षात असू द्या: त्याला परिक्रमा कळत नाही. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही, हा मूळ नियम. नकाशा मात्र जवळचा रस्ता म्हणून बिनदिक्कत पुलावरून पलीकडच्या तटावर नेतो. उपनद्या आणि नाले ओलांडलेले चालतात. काठाची पायवाट चालू आहे की नाही हे शेतात काम करणाऱ्याला विचारावं. कालच्या पाण्याने दलदल झाली का, कुणी तारेचं कुंपण घातलं का, हे त्यालाच ठाऊक असतं. अंतराचं उत्तर मात्र त्याच्याकडून घेऊ नका. ‘बस, दो किलोमीटर’ हे दोनही असतात आणि सातही. अंतरासाठी नकाशा, वाटेसाठी माणूस, अशी वाटणी करा.

समुद्राच्या टप्प्यावर दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला नाव जाते ती भरतीच्या वेळेनुसार, आणि ही वेळ रात्रीची, पहाटेची कोणतीही असू शकते. पुढे उत्तर तटावर गरुडेश्वरला टेंबे स्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची, समाधी आहे (१९१४). तिथे आपली मराठी माणसं भरपूर भेटतात. शांतता नाही मिळणार, पण दोन दिवस पाय सोडून बसायला चांगली जागा. नर्मदा जयंती, माघ शुद्ध सप्तमी, या सुमाराला मात्र सगळ्याच घाटांवर भंडारे आणि गर्दी असते. ते आठ दिवस एखाद्या आतल्या गावी काढता आले तर बघा.

सामानाचं थोडक्यात. पाठीवर सात किलोंच्या वर नको. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे आणि महिनाभर घालून मऊ केलेले. फोड आला तर कातडी सोलू नका; निर्जंतुक सुईने पाणी काढून, मलम लावून चिकटपट्टी मारा. काठी घ्याच, नाल्यात पाण्याचा अंदाज घ्यायला आणि कुत्र्यांसाठी. साखरेचा त्रास असेल तर दारोदार मिळणारा गोडमिट्ट चहा हे या वाटेवरचं खरं संकट आहे. बसतानाच ‘फीकी चाय’ म्हणून सांगा, चहा ओतल्यावर नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या बरोबर ठेवा, पुढच्या गोळ्या बडवानी, भरूच, जबलपूर अशा मोठ्या गावांत घेता येतात.

जोडप्यांबद्दल एक निरीक्षण. वाद वेगावरून होत नाहीत, कुठे थांबायचं यावरून होतात. एकाला पुढचा आश्रम गाठायचा असतो, दुसऱ्याचे पाय बोलायला लागलेले असतात. जो आधी ‘थांबू या’ म्हणेल त्याचं त्या दिवशी ऐकायचं, असं घरूनच ठरवून निघा. आणि एकदम सहा महिने झेपणार नाहीत असं वाटलं तर खंड परिक्रमेचा मार्ग आहे: या हिवाळ्यात एवढं, पुढच्या हिवाळ्यात तिथूनच पुढे. काही महाराज नाक मुरडतील, मुरडू देत. चैत्रातली गुजरातेतली उत्तरवाहिनी परिक्रमा (नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्याच टप्प्याची, छोटी) ‘सराव’ म्हणून करायला कुणी सुचवलं तर ती आनंदाने करा, पण तिथे लोटणारी गर्दी पाहता तुम्हाला हवी ती गावं तिथून कळायची नाहीत.

निघताना ओंकारेश्वरला ज्योतिर्लिंगाचं दर्शन संकल्पाच्या आधीच घ्या. ते मांधाता बेटावर आहे, आणि संकल्प झाल्यावर परिक्रमा पुरी होईपर्यंत मैयाची धार ओलांडून तिथे जाता येत नाही. ममलेश्वर दक्षिण तटावरच आहे, तिथे केव्हाही जा. फोटो लावलेलं परिक्रमेचं पत्र करून घ्या, आश्रमांचे शिक्के घ्यायला एक वही ठेवा, आधार कार्डाच्या चार-पाच प्रती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. संकल्प सकाळी आटोपला तर त्याच दिवशी मोरटक्क्याला निघता येतं, रस्त्याने १२ किलोमीटर आहे. पुढे कितीही चालवेल असं वाटलं तरी पहिल्या दिवशी तिथेच आसन लावा.